नववीतल्या पोरांची पवनचक्की आणि आमचं अडलेलं पातं

खाडीपलीकडे | ८ डिसेंबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजने जानेवारीत शाळांसाठी पवनचक्कीच्या पात्यांची स्पर्धा ठेवली आहे. नववीतली तीन मुलं मागे लागली म्हणून नाव दिलं आणि आता मीच अडकले आहे.

नियम सोपे वाटतात. मोटर सगळ्यांना सारखी, जुन्या प्रिंटरमधली डीसी मोटर (पात्यांनी फिरवली की ती उलट वीज देते). ती त्यांनी आधीच पाठवली आहे. तिला २० ओहमचा रोधक जोडायचा. एक मीटरवर स्टँडचा पंखा. पाती आपली आपण करायची, कितीही आणि कशाचीही, पण फिरताना एकूण व्यास ४५ सेंमीच्या आत हवा. ३० सेकंदांत रोधकावर जास्तीत जास्त किती व्होल्टेज मिळालं ते मोजणार.

आमच्या तिघांतला एक सुतारांचा नातू आहे. त्याने आजोबांबरोबर बसून पांगाऱ्याची तीन पाती कोरली. पांगारा म्हणजे सावंतवाडीची लाकडी फळं ज्याची करतात तेच हलकं लाकूड. पाती इतकी देखणी झाली की हातात घेतली तर खाली ठेवू नयेत. पुढची कड जाड आणि गोल, मागची धारदार, अगदी पुस्तकातल्या विमानाच्या पंखासारखी. मोटरला लावली, पंखा सुरू केला, मल्टिमीटरवर ५.१ व्होल्ट! पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. मग २० ओहम जोडला आणि आकडा आला १.६. एसटी घाटात दुसऱ्या गिअरवर यावी तशी पाती रखडायला लागली.

दुसऱ्या मुलाने दुपारच्या सुट्टीत नळाच्या पीव्हीसी पाइपची तीन पाती कापली होती. कडा ओबडधोबड, वर आयएसआयचा शिक्का तसाच. नुसती फिरवली तर ४.४ व्होल्ट, म्हणजे पांगाऱ्याहून कमी. रोधक जोडल्यावर मात्र २.४!

सुतारांचा नातू दोन दिवस माझ्याशी बोललेला नाही. हे असं का होतंय?

---

कोळंबीभात | ८ डिसेंबर, रात्री १०:१५

नातवाला सांगा, आमच्याकडे पापलेट दिसायला देखणं आणि चव बांगड्याला. (पापलेटवाल्यांनी अंगावर येऊ नये.)

जागा पकडून ठेवतोय, जाणकार येतीलच.

---

पीसीबीवाला | ८ डिसेंबर, रात्री ११:०२

ताई, पहिलं म्हणजे ते ५.१ विसरा. रोधक जोडलेला नसतो तेव्हा मोटरमधून करंट वाहत नाही, पात्यांना कामच नसतं. रिकामी गोणी घेऊन कोणीही पळतं. रोधक जोडला की करंट वाहतो, आणि तोच करंट मोटरला मागे ओढायला लागतो. पात्यांची ताकद तिथे कळते.

शक्ती काढून बघा. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. १.६ चा वर्ग २.५६, भागिले २० म्हणजे ०.१२८ वॉट. २.४ ला येतात ०.२८८ वॉट. दुपटीहून जास्त फरक आहे.

एक काम करा. मोटर स्थिर ठेवून तिच्या दोन टोकांमधला रोध मल्टिमीटरने मोजा, मोटर स्वतः किती खाते त्याचा अंदाज येईल. अक्ष थोडाथोडा फिरवून चार-पाच वेळा घ्या, ब्रशमुळे आकडा हलतो.

---

सड्यावरचा | ९ डिसेंबर, सकाळी ६:४०

मी काही वर्षं साताऱ्याकडे वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीत होतो. आता गावी, आंब्याच्या मागे.

ताई, दोन्ही पाती फिरण्याच्या वर्तुळाच्या पातळीशी किती अंशांवर लावली होती? लाकडाची सपाट आणि पाइपची उभी लावली असतील, तर तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या. फरक आकाराचा की कोनाचा, हे कसं सांगणार?

---

खाडीपलीकडे | ९ डिसेंबर, दुपारी १:२०

सर, पकडलंत. लाकडाची साधारण ४ अंशांवर होती, पाइपची १२ वर. मोटरचा रोध १० ओहमच्या आसपास.

आमच्या गटातली मुलगी (तिला सगळे वहीवाली म्हणतात, कारण तिच्या वहीत सगळं असतं) म्हणाली, "मॅडम, मी तेव्हाच म्हटलं होतं." खरंच म्हटलं होतं. मी लक्ष दिलं नव्हतं.

---

सड्यावरचा | ९ डिसेंबर, रात्री ८:३०

मग वहीवालीच्या हाती कारभार द्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तीनदा मोजायची आणि मधला आकडा घ्यायचा.

आता थोडा हिशोब. पंख्यासमोर वाऱ्याचा वेग सेकंदाला ३.५ मीटर धरू. आपल्याकडच्या उबदार हवेची घनता दर घनमीटरला १.१६ किलोच्या आसपास. ४५ सेंमी व्यासाच्या वर्तुळातून जाणाऱ्या वाऱ्यात साधारण ४ वॉट शक्ती असते. ती सगळी काढता येत नाही, कारण सगळी काढली तर हवा पात्यांमागे थांबून राहील आणि मागून येणाऱ्या हवेला वाटच उरणार नाही. जर्मनीच्या आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० च्या सुमारास ही मर्यादा मांडली: सत्तावीसपैकी सोळा भाग, म्हणजे ५९.३ टक्के. तुमच्यासाठी २.३ वॉट. तुम्हाला मिळतात ०.२९. लाजू नका, लहान मोटर आणि तिचं घर्षण बरंच खातं.

शक्ती वेगाच्या घनावर जाते हे मुलांना करून दाखवा. पंखा दोनवर ठेवा, मग तीनवर. वेग थोडासाच वाढतो आणि आकडा उडी मारतो.

कोनाचं म्हणाल तर पात्याला दोन वारे लागतात. एक समोरचा, दुसरा स्वतःच्या फिरण्याचा. टोक जोरात फिरतं, तिथे फिरण्याचा वारा फार, म्हणून टोकाला पातं सपाट हवं. मुळाशी फिरणं कमी, म्हणून उभं हवं. टोकाचा वेग वाऱ्याच्या चौपट धरला तर टोकाला ४–५ अंश, निम्म्यावर १२–१३ आणि पाव लांबीवर २५. म्हणून खऱ्या पात्याला पीळ असतो. लाकडी पात्यात पीळ आहे का?

---

खाडीपलीकडे | ११ डिसेंबर, रात्री ९:१०

नाही सर, लाकडी पातं सरळच आहे. दोन दिवसांचे आकडे (सगळे २० ओहम जोडून):

पाइपची पाती: ५ अंशांवर १.७ व्होल्ट, १० वर २.३, १२ वर २.४, १५ वर २.५, २० वर २.२, ३० वर १.४.

पांगाऱ्याची पाती १२ अंशांवर: २.०. त्याहून वर जात नाहीत.

म्हणजे काही फरक कोनाचा होता, पण सगळा नाही. नातू आता बोलतो, पण एकच वाक्य: "पाइप जिंकला कसा?"

---

सड्यावरचा | १२ डिसेंबर, सकाळी ७:०५

जाडीमुळे. मोठ्या पवनचक्कीचं पातं मुळाकडे दोन-तीन मीटर रुंद असतं आणि वारा त्यावरून प्रचंड वेगाने जातो. हवेच्या अशा प्रवाहाचं एक माप असतं, रेनॉल्ड्स संख्या. तिथे ती काही दशलक्ष भरते. तुमचं पातं ४ सेंमी रुंद, त्यावरून सेकंदाला १०–१२ मीटर हवा, म्हणजे ही संख्या तीस हजारांच्या आत. इतक्या लहान मापात हवा जाड, गोल कडेला चिकटून राहत नाही, मध्येच सुटते. मग पातं वर ओढलं जाण्याऐवजी मागे ओढलं जातं. पातळ आणि किंचित वाकलेला पत्रा इथे जास्त चांगला. चतुराचा पंख बघा, किती पातळ असतो.

विमानाचा आकार चुकीचा नाही. तो मोठ्यांचा सदरा आहे, पोराला ढगळ होतोय.

---

देवगडकर आबा | १२ डिसेंबर, सकाळी ११:३०

माका आठवता, आमच्या देवगडच्या टोकार पवनचक्क्यो उभ्यो ऱ्हवल्यो तेव्हा अख्खो गाव बघूक गेल्लो. लांबसून बघूक गेल्यार वाटता, पाती कशी आरामात फिरतत.

(प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर बाई गुण कापतील.) आपल्याकडे पवनऊर्जेची सुरुवात किनाऱ्यावरच झाली. १९८६ साली महाराष्ट्र, गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांवर ५५ किलोवॅटची यंत्रं बसली होती. नंतर महाराष्ट्रातली मोठी यंत्रं घाटमाथ्यावर आणि पठारांवर गेली, सातारा, सांगली, धुळ्याकडे. सर सांगतीलच.

प्रश्न असा की पाती तीनच का? आमच्या लहानपणी विहिरीवरच्या पाणीउपशाच्या चक्कीला पंधरा-वीस पत्रे असायचे.

---

दापोलीची लेक | १२ डिसेंबर, दुपारी ४:४५

आबा, मी कॉलेजात असताना अशाच स्पर्धेत होते, म्हणून सांगते. पंपाला सुरुवातीलाच जोर लागतो, वेग नको असतो, म्हणून खूप पत्रे. विजेसाठी वेग हवा. अमेरिकेत क्लीव्हलंडला चार्ल्स ब्रश यांनी १८८८ च्या सुमारास वीज करणारी जी चक्की उभारली तिला १४४ पाती होती आणि व्यास १७ मीटर. मिळायचे १२ किलोवॅट! मग डेन्मार्कच्या पॉल ला कूर यांनी १८९१ पासून आस्कोवला प्रयोग करून दाखवलं की विजेसाठी थोडी पाती जोरात फिरवणं बरं.

पण ताई, तुमच्या स्पर्धेत रोधक ठरलेला आहे. तो जड पडत असेल तर चार पाती तिनाला हरवू शकतात. दोन, तीन, चार, तिन्ही करून बघा. आम्ही दोन लावली होती, हौस म्हणून. सुरूच होईनात, हाताने ढकलावी लागली आणि परीक्षकांनी हात लावल्याबद्दल बाद केलं.

---

खाडीपलीकडे | १६ डिसेंबर, रात्री १०:२०

आज एक प्रकार झाला, तो लिहिलाच पाहिजे.

पाती बदलायला सोपं जावं म्हणून मुलांनी ती झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लाकडी चकतीला चिकटवली होती. चार पात्यांची चाचणी चालू असताना एक सुटलं. प्रयोगशाळेच्या कपाटाची काच गेली. आत बेडकाची बरणी होती, ती वाचली. मुलं बाजूला उभी होती म्हणून बरं, समोर कोणी असतं तर? वहीवालीने लगेच हिशोब केला: मिनिटाला ६०० फेरे, टोक सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर.

आजपासून गोंद बंद. प्रत्येक पात्याला दोन स्क्रू आणि मागून नट. फिरणाऱ्या पात्यांच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, जवळ जाणाऱ्याला चष्मा. काचेचे पैसे माझे.

---

कोळंबीभात | १६ डिसेंबर, रात्री १०:४१

बेडूक दोनदा मरता मरता वाचला.

---

पीसीबीवाला | १७ डिसेंबर, दुपारी १२:१०

स्क्रू लावलात तर पाती तोलून घ्या. एक ग्रॅमचा फरक पडला तरी मोटर थरथरते आणि जोर थरथरण्यात जातो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅमखालचं कळत नाही, गावातल्या सोनारांकडे जा, ते हसत हसत मोजून देतील. जड पात्याला मागच्या बाजूने सँडपेपर.

---

सड्यावरचा | १७ डिसेंबर, रात्री ८:००

पाइपची युक्ती सांगतो. चार इंची पाइप फार गोल. त्यातून ४ सेंमी रुंद पट्टी काढली तर मधला फुगवटा जवळजवळ ४ मिमी येतो, रुंदीच्या साडेनऊ टक्के. जास्त झाला. सहा इंची पाइप घ्या, बाहेरून १६० मिमी असतो. त्यात फुगवटा अडीच मिमी, सहा टक्क्यांच्या आसपास.

आणि पीळ फुकट मिळतो! पाइपवर पात्याची मधली रेघ पाइपच्या लांबीला समांतर न आखता तिरकी आखा. मुळापासून टोकापर्यंत ती पाइपच्या परिघावर २१ मिमी सरकली की १५ अंशांचा पीळ येतो. कारण २१ भागिले ८० म्हणजे ०.२६ रेडियन. कोणत्या बाजूला सरकवायची ते कागदाची गुंडाळी करून आधी बघा. मी पहिल्यांदा उलटी आखली होती आणि तीन फुटांचा पाइप वाया घालवला.

---

देवगडकर आबा | १८ डिसेंबर, सकाळी ९:१५

पंख्यापेक्षा खरा वारा का नको? दुपारी खारा वारा सुटला की पुळणीवर नेऊन धरा. नाहीतर मोटरसायकलवर बांधून ओहोटीच्या ओल्या वाळूवर ताशी १५ ने चालवा, सेकंदाला साधारण ४ मीटर मिळतात.

---

दापोलीची लेक | १८ डिसेंबर, सकाळी ९:५०

आबा, पुळणीवर गाडी नको! कासवांचा हंगाम आहे, गुहागरच्या किनाऱ्यावरही माद्या अंडी घालायला येतात. आणि वाळू आणि खार मोटरमध्ये गेला की बेअरिंग संपलं. सड्यावरचा रस्ता बघा, सकाळी ऊन वर आल्यावर. मतलई वारा पडलेला असतो आणि खारा सुरू व्हायचा असतो, तेव्हा तासभर हवा निपचित असते. मोठं माणूस चालवणारं, मागे बसलेला धरणारा, मूल नाही.

---

खाडीपलीकडे | २४ डिसेंबर, दुपारी ३:३०

सड्यावर माझे यजमान गाडी चालवत आणि शाळेचे शिपाईमामा मागे पवनचक्की धरून, अशी वरात निघाली. काजूच्या बागेतल्या माणसाने विचारलं, "मामा, मोबाइल चार्ज करताय का?"

पण त्यातून एक कळलं. गाडीवर त्याच पात्यांचे आकडे पंख्यासमोरच्यापेक्षा खूप सारखे येतात, हलत नाहीत. पंख्याची हवा गरगरत येते आणि मधोमध, पंख्याच्या मोटरसमोर, हवा जवळजवळ नसतेच. उदबत्तीचा धूर सोडून मुलांनी ते पाहिलं. त्यामुळे पात्याचा मुळाकडचा भाग पंख्यासमोर नुसता ओझं आहे. मुळाशी पातं अरुंद केलं, २.५ चे २.६ झाले.

चार पाती: २.६. तीन: २.६. दोन: २.१. तीन ठेवतोय, या पंख्यापायी आधीच पाच दिवस गेले आहेत.

---

सड्यावरचा | २४ डिसेंबर, रात्री ९:०५

छान. आता एकच सांगतो, स्पर्धेतला पंखा तुमचा नसेल. तिथे विजेचा दाब कमी असेल तर हवा कमी. हवा कमी झाली की तोच २० ओहम पात्यांना जड पडतो, ती हळू फिरतात, आणि हळू फिरणाऱ्या पात्याला कोन जास्त लागतो. म्हणून कोन बदलता येईल अशी चकती न्या आणि वही न्या.

---

खाडीपलीकडे | १८ जानेवारी, रात्री ९:४०

स्पर्धा झाली. २३ शाळा होत्या.

सर, तुमचं म्हणणं खरं ठरलं. आमचा नंबर दुपारी जेवणानंतर आला. कॉलेजच्या हॉलमध्ये सगळे पंखे एकाच वेळी चालू, आणि आमच्यासमोरचा पंखा शाळेतल्यापेक्षा अशक्त. पहिल्या सरावात १५ अंशांवर १.९ व्होल्ट. मुलांची तोंडं पडली. पाच मिनिटं मिळतात. वहीवालीने वही उघडली, पंखा दोनवर ठेवून घेतलेल्या आकड्यांचं पान काढलं आणि म्हणाली, "१८ करू." पाइपवाल्याने तीनही पात्यांचे स्क्रू सैल केले, कोनमापक धरून १८ वर आवळले. २.१ व्होल्ट आले.

आमचा पाचवा नंबर. पहिला आलेल्या राजापूरकडच्या शाळेची पाती जुन्या फायलींच्या पुठ्ठ्याची, चार, वाफेवर धरून वाकवलेली आणि वरून वार्निश. २.४ व्होल्ट. त्यांची शिक्षिका मला शेजारी बसवून सगळं सांगत होती, मी लिहून घेत होते.

आणि सुतारांचा नातू? त्याने आजोबांना राजापूरच्या पुठ्ठ्याचा फोटो दाखवला. काल दोघांनी पांगाऱ्याचं नवं पातं केलं. रंध्याने ३ मिमीपर्यंत आणलं, आतल्या बाजूने गोल पटाशीने खोलगट केलं, मुळाकडून टोकाकडे पीळ दिला. पाइपवर जी रेघ पंचवीस मिनिटं आखावी लागते ती त्यांनी डोळ्यांनी धरली. तीन पाती, सोनारांच्या काट्यावर तिन्हीत पाव ग्रॅमचा फरक. शाळेच्या पंख्यासमोर १५ अंशांवर, २० ओहम जोडून २.६ व्होल्ट.

पाइपइतकेच. पण पाइपच्या पात्याहून प्रत्येकी नऊ ग्रॅम हलकी, आणि पंखा एकवर असताना पाइपची उभी राहतात तेव्हा ही फिरतात.

---

कोळंबीभात | १८ जानेवारी, रात्री ९:५८

आजोबांना विचारा, आणखी किती पातळ करता येईल?

---

खाडीपलीकडे | १९ जानेवारी, सकाळी ७:१५

विचारलं. म्हणाले, "दोन मिमी करतो, पण मग काच तुमची."